अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

बिऱ्हाडकरू : राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या शेजारी भाड्याच्या दोन खोल्यांत मी गेली चौदा वर्षे राहतो आहे, आणि या चौदा वर्षांत स्वतःचे घर नसल्याची खंत मला एकदाही झाली नाही असे मी म्हटले, तर घरमालक या नात्याने आपल्याला ते खुशामतीचे वाटेल, तरीही मी ते म्हणतो, कारण ते खरे आहे. नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या हमरस्त्याने पस्तीसएक किलोमीटर आले, उसाच्या ट्रॉल्या आणि शिर्डीला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या गाड्या यांच्या गलबल्यातून वाट काढीत आपण राहुरी खुर्दच्या शिवारात वळलो, की दोनशे पावलांच्या अंतरात तो सगळा गलबला मागे राहतो आणि प्रक्षेत्रावरच्या विहिरीचा पंप, कुणाच्या तरी गच्चीवरचे वाळवण आणि परीक्षेच्या दिवसांत पहाटे चारला पेटणारे एकेका खिडकीतले दिवे एवढेच काय ते उरते. अध्ययन करणाऱ्या मनाला यापरते काय हवे? आणि आपल्या भाषेने तर भाड्याच्या घराला असा उदार शब्द देऊन ठेवला आहे की त्याचे मोल आपल्या ध्यानात येत नाही. आपण त्याला बिऱ्हाड म्हणतो. बिऱ्हाड म्हणजे चार भिंती नव्हेत. बिऱ्हाड म्हणजे चूल, भांडी, अंथरूण, तान्हे मूल, म्हातारी आई, हे सारे. ‘शेजारी नवे बिऱ्हाड आले’ असे आपण म्हणतो, तेव्हा जागेची नव्हे, माणसांची वार्ता देत असतो. मालकीचा कागद नसतानाही जिथे मनुष्याचा संसार पुरता मांडला जातो, ती स्थिती कमीपणाची आहे असे ज्या भाषेला वाटले नाही, त्या भाषेत मी भाडेकरू आहे याचा मला संतोष आहे.

घरमालक : शब्द उदार आहे खरा, पण तो आता कुणाच्या तोंडी आहे ते पाहा. तुमच्यापुरता मी तो अजून वापरतो, कारण तुम्ही कुटुंबासह आलात. तुमच्या वरच्या मजल्यावर जी सहा मुले राहतात, त्यांना आमची गल्ली बिऱ्हाड म्हणत नाही. ‘रूमवाली पोरं’ म्हणते. त्यांची चूल नाही, डबा मेसमधून येतो. त्यांची म्हातारी आई सांगोल्याला किंवा साक्रीला असते. आणि त्यांच्या खोलीचा हिशेब माणशी होतो, घरटी होत नाही. तुम्ही ज्या शांततेची स्तुती करता, तिच्याविषयीही मला बोलू द्या, कारण त्या शांततेचे भाडे मी घेतो. ही जमीन जिरायत होती. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. बाजरी आणि शाळू, फार तर मठ-हुलगा, एवढेच आमच्या आज्याचे पीक. १९६८ साली विद्यापीठ स्थापन झाले, दुसऱ्या वर्षी त्याचा कारभार राहुरीला सुरू झाला, आणि त्यासाठी भोवतालच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित झाल्या. त्या खातेदारांच्या वारसांना विद्यापीठात नोकरी मिळावी ही मागणी त्यानंतर दशकानुदशके चालू राहिली, तिच्यासाठी उपोषणे झाली, धरणी झाली. ज्यांची जमीन गेली नाही, त्यांच्या जमिनीचे पुढे गुंठे पडले. चाळीस गुंठ्यांचा एकर, त्यातले तीन गुंठे माझ्या वाट्याला, आणि त्या तीन गुंठ्यांवर आठ खोल्या. खोली हे असे पीक आहे की त्याला ना करपा पडतो ना अवकाळी गारपीट झोडपते. पाच तारखेला ते हातात येते. मी त्याचे ऋण मानतो. माझ्या मुलीचे शिक्षण त्यावर झाले. पण या पिकाची एक अट आहे, ती म्हणजे खोलीतल्या माणसाने आवाज करू नये. टाकीत पाणी आले नाही तर त्याने एकदा सांगावे, दुसऱ्यांदा सांगू नये. सबमीटरचा आकडा जास्त वाटला तर मनात ठेवावा. करार अकरा महिन्यांचा असतो आणि बारावा महिना माझ्या हातात असतो, हे त्याला ठाऊक असते. तुम्हाला जी शांतता अध्ययनाला पोषक वाटते, तिच्यातला काही भाग या जाणिवेचा आहे.

बिऱ्हाडकरू : आपण मालक असून भाडेकरूची बाजू मांडता आणि मी भाडेकरू असून आपली, हे मला बरे वाटते, निदान स्वार्थाचा आरोप आपल्यापैकी कुणावर होणार नाही.

घरमालक : बाजू मी मांडत नाही, फरक दाखवतो. तुम्ही कुळाचे उदाहरण घ्या. दुसऱ्याची जमीन कसणारा मनुष्य आमच्या वडिलांच्या लहानपणी खंडाचे पोते पोचते करून हात जोडून उभा राहत असे. १९४८ चा कुळवहिवाटीचा कायदा आला, त्यात पुढे दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारे कूळ त्या जमिनीचा खरेदीदार मानले गेले. ज्याचा घाम त्या मातीत पडला, तिच्यावर त्याचा काही हक्क उत्पन्न होतो, हे तत्त्व सरकारने मान्य केले. शहरातल्या घराच्या भाडेकरूलाही त्याच सुमारास आधार मिळाला. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण धरले आणि मालकाच्या मर्जीने बेदखल करण्याला आळा घातला. मालकांनी त्यावर तोड काढली. भाडेकरू म्हणायचे नाही, परवानगीने राहणारा म्हणायचे. भाडेपट्टा लिहायचा नाही, लिव्ह अँड लायसन्स लिहायचे. सरकारने १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या अशा लोकांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. परंतु १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला तेव्हा ही परवानगीची पद्धतच कायद्याच्या कुशीत सुखाने बसली: मुदत संपली की उठायचे. म्हणजे पाहा, शेत कसणाऱ्याचा प्रवास परवानगीकडून हक्काकडे झाला, आणि घरात राहणाऱ्याचा हक्काकडून परवानगीकडे. एका माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे एका गल्लीत घालवावी, तिथले पाणी, तिथली झाडे, तिथल्या मुलांची नावे त्याला तोंडपाठ व्हावीत, आणि त्या सगळ्यातून कणभरही अधिकार निपजू नये, हे मला नीट वाटत नाही.

बिऱ्हाडकरू : आपण सांगितलेला इतिहास यथार्थ आहे, पण त्याचा उत्तरार्ध आपण गाळलात. गोठवलेल्या भाड्याचे मुंबईत काय झाले? पन्नास वर्षे तेच भाडे घेणाऱ्या मालकाला चाळीचा जिना दुरुस्त करणे परवडेना. पागडीचा काळाबाजार मात्र उघडपणे फोफावला. आणि ज्याच्याजवळ चार जास्तीच्या खोल्या होत्या त्याने त्यांना कुलूप ठोकले, कारण रिकामी खोली निदान आपली तरी राहत होती. जो आत होता त्याला संरक्षण मिळाले आणि जो दाराबाहेर पेटी घेऊन उभा होता त्याला शहर बंद झाले. आता या गल्लीचा विचार करा. इथे येणारा मुलगा चार वर्षांच्या पदवीसाठी येतो, फार तर पदव्युत्तर शिक्षणाची आणखी दोन, आणि राज्यसेवेच्या परीक्षांच्या मागे लागला तर पुढची तीन-चार. त्याला कायमचा हक्क नकोच आहे. त्याला सुटसुटीत प्रवेश आणि सन्मानाने निर्गमन हवे आहे. जमीन कसणाऱ्याचे पोट त्या जमिनीवर असते, म्हणून तिचा हक्क त्याला हवा. विद्यार्थ्याचे पोट या खोलीवर नाही. ही खोली म्हणजे त्याच्या प्रवासातली धर्मशाळा आहे, आणि धर्मशाळेत राहिलेल्या यात्रेकरूने सातबारावर नाव मागितले तर पुढच्या यात्रेकरूने कुठे उतरावे? शिवाय हक्क हा माणसामाणसांतला एकमेव धागा आहे असे आपण का धरता? २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, वसतिगृहे रिकामी झाली, वरच्या मजल्यावरची मुले एकेक पिशवी घेऊन दोन दिवसांत गेली. त्यांची पुस्तके, गाद्या, इस्त्री, सायकली महिनोन् महिने आपल्या ताब्यात होत्या. आपण त्यांचे भाडे निम्म्याने सोडलेत, आणि आपल्या पत्नीने त्या गाद्यांना दर पंधरवड्याला ऊन दाखवले. हे कोणत्या करारात लिहिले होते?

घरमालक : लिहिलेले नव्हते, आणि हेच माझे दुखणे आहे. मी सोडले म्हणून सुटले. माझ्या शेजाऱ्याने सोडले नसते तर त्यालाही कुणी काही म्हणू शकत नव्हते. चांगुलपणा हा करारात बसत नाही हे खरे, पण ज्याला दुसऱ्याच्या चांगुलपणावरच राहावे लागते त्याची मान वर राहत नाही. तुम्ही सन्मानाने निर्गमन म्हणालात. प्रवेशाविषयी बोला ना. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी मालकावर, ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि असा दस्त नसेल तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल ते, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे धरायचे. किती चोख कलम! पण हा कायदा त्याच्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांनाच लागू, आणि जिथे तो निःसंशय लागू आहे त्या नगर शहरात, सावेडीच्या गुलमोहर रोडवर काय किंवा प्रोफेसर कॉलनीत काय, दुय्यम निबंधकाच्या कचेरीची पायरी चढण्यापेक्षा शंभराच्या मुद्रांकावर सही करून मोकळे होणारे मालक मी स्वतः पाहिले आहेत. आमच्या गल्लीत तर तोही कागद बहुधा नसतो; तोंडी शब्द असतो. आणि तो तोंडी शब्द देण्यापूर्वी आम्ही काय विचारतो, ते तुम्हाला माहीत आहे. आम्ही आडनाव विचारतो.

बिऱ्हाडकरू : मलाही आपण विचारले होते.

घरमालक : विचारले होते. तुम्ही सांगितलेत, मला ते चालण्यासारखे वाटले, आणि तुम्हाला खोल्या मिळाल्या. त्याच आठवड्यात दुसरे एक कुटुंब आले होते. माणूस नोकरदार, बायको शिक्षिका, एक लहान मूल. त्यांनी आडनाव सांगितले आणि मी म्हणालो की पुतण्याचे लग्न ठरते आहे, खोल्या लागतील. पुतण्या तेव्हा नववीत होता. ते काही बोलले नाहीत. नमस्कार करून गेले. मला वाटते, ते वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले नव्हते. तुम्हाला या गल्लीत जी चौदा वर्षे मिळाली, ती त्यांच्या वाट्याची आहेत, आणि हे मी इतकी वर्षे कुणाला सांगितलेले नाही. आता हिशेब करा. ज्यांचे नाव या विद्यापीठाने धारण केले आहे, त्या जोतीराव फुल्यांना १८४९ मध्ये वडिलांचे घर सोडावे लागले, कारण त्यांनी शूद्रातिशूद्रांना आणि मुलींना शिकवायला घेतले होते. मुलींच्या शाळेचा संकल्प त्यांच्या मनात पक्का झाला तो याच नगरला, मिस फॅरार यांची शाळा पाहून. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी विद्यापीठाची स्थापना झाली. आणि त्या विद्यापीठाच्या कुंपणाला लागून असलेल्या घराचा मालक, म्हणजे मी, नळाची तोटी कुणाच्या हाती द्यायची हे आडनावावरून ठरवतो. तुमची ती रमणीय शांतता मला जी टोचते, ती यामुळे.

बिऱ्हाडकरू : यावर मला चटकन काही सुचत नाही. आपण ज्या कुटुंबाविषयी सांगितलेत, त्यांच्या जागी मी राहिलो हे मला आज कळते आहे, आणि हे कळल्यावर या खोल्यांविषयीचे माझे प्रेम पूर्वीसारखे निर्मळ राहणार नाही. तरीही ते सोडून द्यावे असे मला वाटत नाही. उलट, ज्या गोष्टीवर आपले प्रेम आहे तिच्यातला दोष ऐकून घेणे हाही त्या प्रेमाचाच भाग आहे असे मी धरतो. पण मला एक सांगू द्या. दार संकुचित असले तरी आत आलेला मनुष्य घर बदलतो. विद्यापीठ आपल्या चौथ्या वर्षाच्या मुलांना कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात पाठवते. कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ती गावात राहतात, बीजप्रक्रिया दाखवतात, मातीचा नमुना कसा घ्यावा ते सांगतात. पुस्तकात जे नाही ते लोकांत राहिल्याने कळते, अशी कबुलीच विद्यापीठाने त्यातून दिली आहे. आमच्या गल्लीत हे कार्य कुणी नेमून न देता चालते. दहा जिल्ह्यांतली मुले इथे येतात. नंदुरबारचा पावरा मुलगा आणि कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यातला मुलगा एका गच्चीवर कपडे वाळत घालतात. आपल्या बांधावरच्या डाळिंबांना तेल्या लागला तेव्हा आपण कुणाला हाक मारलीत? वरच्या मजल्याला. बिनभाड्याची विद्या आपल्याला मिळाली आणि बिनफीची माया त्यांना. भाडे ही या सगळ्याची निमित्तमात्र कडी आहे.

घरमालक : तेल्याचे खरे आहे, त्या मुलाने दोन हंगाम बाग वाचवली. पण कृषिदूताचा दाखला उलटा पडतो. तो ज्या गावात जातो, तिथे तो आल्याची वर्दी ग्रामपंचायतीला असते, सरपंच त्याचे स्वागत करतो, वर्तमानपत्रात बातमी येते. तो काही महिन्यांसाठी गेलेला असूनही गाव त्याला आपला पाहुणा समजते. इथे आठ-आठ वर्षे राहिलेल्या मुलाचे नाव गावाला ठाऊक नाही. आमच्याकडे दोन शब्द आहेत: भावकी आणि गावकी. भावकीत येण्यासाठी रक्त लागते, ते तुम्हाला नाही, त्याविषयी तक्रार नाही. पण गावकीतही तुम्हाला जागा नाही. पाणीपट्टी तुमच्या भाड्यातून भरली जाते, आणि नळाला पाणी केव्हा सोडायचे हे ठरवताना तुम्हाला कुणी विचारीत नाही. विद्यापीठाच्या नोकरवर्गापैकी पुष्कळ मंडळी तर नगरला सावेडीत घर करून रोज अप-डाउन करतात. सायंकाळी साडेपाचनंतर फाटकातून गाड्यांची रांग लागते आणि या गावाचा त्यांच्याशी असलेला संबंध दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत संपतो. अशी वस्ती एका संस्थेच्या खुंटीला टांगलेली राहते. पलीकडे राहुरी फॅक्टरी पाहा. कारखान्याच्या नावानेच ते ठिकाण ओळखले जाते. कारखान्याचे धुराडे ज्या हंगामांत थंड राहिले, त्या हंगामांत तिथल्या बाजाराची काय कळा झाली ती मी पाहिली आहे.

बिऱ्हाडकरू : गावकीचा मुद्दा आपण काढलात हे बरे झाले, कारण तिथे कायदा माझ्या बाजूने आहे, आणि आश्चर्य असे की तो आपल्यालाही फारसा परिचित दिसत नाही. मतदारयादीत नाव येते ते सामान्य रहिवासाने. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे विसावे कलम स्वच्छ सांगते की एखाद्या मतदारसंघात घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्याच कारणावरून कुणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. म्हणजे भाड्याचा कायदा मला परवानगीने राहणारा म्हणतो, पण मताचा कायदा विचारतो तो फक्त इतकेच की तू निजतोस कुठे. जो इथे राहतो तो इथला. आणि गावच्या यादीत ज्याचे नाव आहे तो ग्रामसभेचा सभासद. त्याला उठून विचारता येते की आमच्या गल्लीला पाणी तिसऱ्या दिवशी का. घरपट्टीची पावती त्याच्या नावावर असण्याची गरज नाही. आपण म्हणता तो हक्क, घामातून निपजणारा नव्हे पण रहिवासातून निपजणारा, संसदेने पाऊणशे वर्षांपूर्वीच दिलेला आहे.

घरमालक : मग चौदा वर्षांत तुम्ही ग्रामसभेला किती वेळा आलात?

बिऱ्हाडकरू : एकदाही नाही.

घरमालक : तुमचे नाव या गावच्या यादीत आहे?

बिऱ्हाडकरू : नाही. ते अजून अकोले तालुक्यात, माझ्या मूळ गावी आहे. तिथे चार भावांत मिळून दीड एकर भात आहे, ग्रामदैवताची यात्रा आहे, आणि निवडणुकीला मी एसटीने जातो, तेव्हा वाटेत भेटणारा प्रत्येक जण मला माझ्या लहानपणच्या नावाने हाक मारतो. इथे नाव आणायचे म्हणजे तिथले काढायचे. दरवेळी मी अर्ज हाती घेतो आणि ठेवून देतो. आपण मला गावकीत घेत नाही ही आपली चूक असेल. पण मीही एक पाय उंबरठ्याबाहेर ठेवूनच इथे राहिलो आहे. स्वतःचे घर नसल्याची खंत मला नाही असे मी सुरुवातीला म्हणालो. कदाचित माझ्याही मनात एक अकरा महिन्यांचा करार आहे आणि त्याचे नूतनीकरण मीच दरसाल करीत आलो आहे.

घरमालक : हे मी ऐकले नव्हते. मला वाटत होते की तुम्हाला इथे मुळे धरायची आहेत आणि आम्ही धरू देत नाही.

बिऱ्हाडकरू : माझ्या मुलीला विचारले तर ती वेगळे सांगेल. ती या गल्लीत जन्मली आहे. अकोल्याचे गाव तिला सुट्टीपुरते ठाऊक आहे. चार वर्षांनी ती अठरा पूर्ण करील आणि तिचे नाव कोणत्या यादीत घालायचे हा प्रश्न मला टाळता येणार नाही. ती या गावची म्हणवून घेईल तेव्हा गाव तिला काय म्हणेल, ते मला माहीत नाही.

घरमालक : गाव म्हणजे कोण? ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसणाऱ्या दहा-बारा माणसांत मी आहे. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या खोल्या भाड्याने आहेत. भाडेकरूंची नावे यादीत आली तर गल्लीचे पारडे बदलेल, याची त्यांना धास्ती आहे, आणि ती धास्ती मला समजते. जमीन गेलेल्या लोकांच्या हाती जे उरले ते गावचे गावपण, आणि तेही वाटून द्यायचे म्हटले की पोटात खड्डा पडतो. माझ्या आज्याने गमावले ते परत येणार नाही म्हणून मी इतरांना काही देऊ नये, हे मला पटत नाही. पण द्यावे, हे म्हणतानाही माझा आवाज पुरता निघत नाही.

बिऱ्हाडकरू : कोपऱ्यावरची खालची खोली या महिनाअखेर रिकामी होते आहे. प्रवेशाचे दिवस जवळ आले. कुणी मुलगा बापाला बरोबर घेऊन, डोक्यावर पत्र्याची पेटी घेऊन फाटकाशी उभा राहील. त्याला आपण प्रथम काय विचाराल?

घरमालक : गाव विचारीन. कोणत्या वर्षाला आहे ते विचारीन. जेवणाची सोय काय ते विचारीन.

बिऱ्हाडकरू : आणि नंतर?

घरमालक : नंतर मी काही विचारले नाही, तरी बाप आपण होऊन सांगेल. त्यांना सवय झालेली असते. तो सांगायला लागला तर त्याला मध्येच कसे थांबवायचे, याचा मी कालपासून विचार करतो आहे.